सोपवलेला देह

रविवारच्या उपासनेत पाळक मंडळीला विचारतात, "प्रार्थनेच्या विनंत्या कोणाकोणाच्या आहेत?" मग मागच्या बाकांपासून एकेक जण उभं राहतं. मुलाची परीक्षा, जमिनीची तारीख, सुनेचं बाळंतपण सांगून होतं आणि आजारांची यादी सुरू होते. वडिलांची शुगर उतरत नाही. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मामांना पुण्याला हलवलंय, अँजिओग्राफी करायची म्हणतात. दिराचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. थोरल्या भावाचं तोंड पुरतं उघडत नाही, गालातला तुकडा तपासायला दिलाय. म्हाताऱ्या माणसांना विचारावं, तर त्यांच्या लहानपणीच्या विनंत्या वेगळ्याच होत्या: हगवण, हिवताप, क्षय, नारू, बाळंतपणात दगावलेली बाई, सर्पदंश. त्या आजारांपुढे खेड्यातल्या माणसाच्या हातात फार थोडं होतं. आजच्या यादीतलं बरंचसं मात्र आपल्या ताटातून, डबीतून, बाटलीतून आणि अपुऱ्या झोपेतून आलेलं असतं.

प्रार्थना होते. मनापासून होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत होते. "आमेन" म्हणून सगळे बाहेर येतात आणि ज्यांच्या शुगरसाठी आत्ताच हात जोडले, त्यांच्याच हातात दोन चमचे साखरेचा चहा आणि फरसाणाची बशी देतात. नको म्हटलं तर वाईट वाटतं. या पुस्तिकेचा विषय त्या "आमेन"च्या पुढे सुरू होतो. देवाकडे मागून झाल्यावर आपल्याकडे काय उरतं, आणि ते आपण करतो का, एवढंच तिला विचारायचं आहे.

हे पाठ कामथडी, नसरापूर, कापूरहोळ, किकवी या पट्ट्यातल्या विश्वासणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. भोर-वेल्ह्यात ख्रिस्ती घरं थोडी आणि विखुरलेली असली, तरी सुवार्ता इथे काल-परवा आलेली नाही. 1893 साली स्थापन झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनने नसरापुरात ठाणं केलं आणि आसपासच्या खेड्यांत काम केलं. त्या काळचा इथला माणूस आणि आजचा माणूस यांच्या विश्वासात किती अंतर पडलं ते देव जाणो. दोघांच्या दिवसात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर पडलं आहे. तेव्हा पावसाळाभर गुडघाभर चिखलात भाताची लावणी, उतारावर नाचणी आणि वरई, डोंगरातून मोळी आणि बाजाराला जायचं तर पायी. आता घरातली तरणी मुलं कंपनीच्या बसने शिरवळला पाळीवर जातात, डेअरीपर्यंतचं दूधसुद्धा मोटारसायकलवरून जातं, आणि महामार्गाच्या फाट्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत कढई तापलेली असते. ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला, चिखलणी गेली. नाचणीची भाकरी "गरिबाची" म्हणून आधी बाजूला पडली आणि आता डॉक्टरांनी लिहून दिली म्हणून औषधासारखी परत येते आहे.

हे एकट्या कामथडीचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये 11.4 टक्के लोकांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आणि 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब. तिघांतल्या एकाहून अधिक! मंडळीत साठ प्रौढ बसले असतील, तर त्यांतले वीस जण कोण असावेत, हा विचार प्रत्येक पाळकाने एकदा करून पाहावा. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणच नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि एक दिवस उजवं अंग जातं.

आता मुळाकडे येऊ. देह हा पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे पौलाचं वचन आपल्यातल्या लहान मुलांनाही पाठ असतं. पण पौलाने ते करिंथच्या मंडळीला कशाबद्दल लिहिलं, हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. विषय आहाराचा नव्हता, व्यभिचाराचा होता. तेव्हा ते वचन उचलून थेट वडापाववर ठेवणं बरोबर नाही. त्यामागचं कारण मात्र सगळ्या देहाला लागू पडतं: हा देह मोल देऊन विकत घेतलेला आहे, तो आपल्या मालकीचा राहिलेला नाही. मालकी दुसऱ्याची आणि ताबा आपला, अशा माणसाला शास्त्रात कारभारी म्हणतात. कारभाऱ्याला धन्याचा माल उडवण्याची मुभा नाही आणि तो जपता जपता त्याचीच पूजा मांडण्याचीही नाही. त्याच्याकडे हिशोब मागितला जातो, आणि जे सोपवलं होतं त्याचाच मागितला जातो.

आपल्याकडे दोन्ही बाजूंनी तोल जातो. पहिली बाजू जुनी आहे. देह मातीचा, मातीत जायचा. आत्मा सांभाळा, बाकी देव बघेल. ऐकायला हे भक्तीचं वाटतं, पण ते ख्रिस्ती शिकवणीतलं नाही. शब्द देहधारी झाला असं मानणारा, देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं दर रविवारी उभं राहून कबूल करणारा माणूस देहाला टाकाऊ कसं म्हणेल? एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवाने आधी त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकरी आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं. आपल्या कितीतरी सेवकांना हा अध्याय संदेशासाठी पाठ असतो. स्वतःला मात्र रात्री दीडला घरी येऊन पहाटे पाचला पुन्हा बाहेर पडणं म्हणजेच सेवा वाटते. चाळिशीत हृदयविकाराने गेलेल्या सेवकाच्या अंत्यविधीत "प्रभूने त्याला लवकर बोलावून घेतलं" असं म्हणताना, प्रभूने शिष्यांना एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगितलं होतं तेही आठवलेलं बरं.

दुसरी बाजू नवी आणि अधिक घातक आहे. जो निरोगी तो आशीर्वादित, जो आजारी त्याच्या विश्वासात खोट. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. ईयोबाचे मित्र हाच हिशोब मांडत बसले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, पण त्याच्या स्वतःच्या देहातला काटा निघाला नाही. त्रोफिमाला तो आजारी अवस्थेतच मिलेताला सोडून पुढे गेला. त्याच्या जवळच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता. चंगाईची प्रार्थना ही मंडळीची ठेव आहे आणि ती बंद व्हावी असं कोणीही म्हणू नये. पण सभेतून घरी येऊन इन्सुलिन बंद करणं, "आता मी बरा झालो" म्हणून रक्तदाबाची गोळी कचऱ्यात टाकणं, याला विश्वास म्हणता येणार नाही. ज्या देवाने प्रार्थना ऐकली त्यानेच गोळीही दिली असेल, एवढं मानायला काय हरकत आहे? गोळी बंद करायची की नाही हे तपासणीचा आकडा पाहून डॉक्टरांनी सांगावं, व्यासपीठावरून कोणी सांगू नये. याबाबतीत पाळकांनी स्पष्ट बोलायला हवं. त्यांच्या मौनाने माणसं मेली आहेत.

मराठी ख्रिस्ती समाजाला देहाच्या सेवेचा वारसा मोठा आहे. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 साली रुग्णालय उभं केलं आणि पुढे ते नाव सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत पोचलं. वाईला, अहमदनगरला, वडाळ्याला मिशनची रुग्णालयं झाली. आपल्या जिल्ह्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या मुली आणून वाढवल्या. त्या मुलींना आधी पोटभर अन्न आणि अंघोळ मिळाली, अक्षरं मागून आली. या वारशाचा अभिमान वाटतो, पण त्याची एक सवयही लागली: आरोग्य म्हणजे दवाखाना आणि दवाखाना म्हणजे मिशन. आपण आजारी पडायचं, बरं करायचं काम त्यांचं.

ही सवय मोडून दाखवली ती मराठी मुलखातच आणि एका ख्रिस्ती जोडप्याने. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरला शिकले आणि वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की बरं करून पाठवलेला रुग्ण काही महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येतो. मूल हगवणीतून वाचतं आणि त्याच पाण्याकडे परत जातं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 साली जामखेडला गेले. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे दवाखाना मागितला नाही. अन्न आणि पाणी मागितलं. मग काम तिथूनच सुरू झालं. प्रत्येक गावाने आपल्यातली एक बाई निवडून द्यायची. त्यांतल्या कित्येक दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन शिकवायच्या: साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात हात स्वच्छ का हवेत, गरोदर बाईने कमी नाही, जास्त खायला हवं. 1971च्या सुमारास तिथे हजार जिवंत जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. दोन दशकांत तो आकडा विसाच्या आसपास आला. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझ्या मते त्यांची खरी कमाई ही, की डॉक्टरांचं ज्ञान त्यांनी ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं अशा बायांच्या हाती दिलं आणि गावाने ते त्यांच्याकडून घेतलं. आपल्या मंडळ्यांतल्या स्त्री-मंडळांनी जामखेडची माहिती जरूर मिळवावी. वर्षातून एक सहल तिकडे न्यायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण पुण्यातलं आहे. सॅलिसबरी पार्क म्हटलं की जुन्या पुणेकर ख्रिस्ती माणसाला सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी आठवते. तिथल्या त्यांच्या छापखान्यातून 'हेरल्ड ऑफ हेल्थ' हे आरोग्याचं मासिक निघत असे. औंध रस्त्यावरची स्पायसर ही शिक्षणसंस्थाही त्यांचीच. तंबाखू नाही, दारू नाही, शक्यतो मांसाहार नाही, शनिवारी सगळं काम बंद ठेवून विसावा, असा त्यांचा रिवाज. याच पंथाच्या कॅलिफोर्नियातल्या 34,000 हून अधिक लोकांवर तिथल्या लोमा लिंडा विद्यापीठाने बरीच वर्षं लक्ष ठेवलं आणि 2001 साली निष्कर्ष मांडला: राज्यातल्या इतर गोऱ्या लोकांच्या मानाने अॅडव्हेंटिस्ट पुरुष सरासरी सात वर्षं आणि स्त्रिया चार वर्षं जास्त जगतात. मांसाहार न करणं, धूम्रपान नसणं, अंगमेहनत, आटोक्यातलं वजन आणि आठवड्यातून अनेकदा सुक्या मेव्यासारखी कवचफळं खाणं, यांचा तो एकत्रित परिणाम होता. शुद्ध-अशुद्ध अन्नाबद्दलचं त्यांचं मत आपल्यातल्या बहुतेक मंडळ्यांना मान्य नाही, आणि मान्य असायला हवं असं मीही म्हणत नाही. रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, पण ते त्यांनी तारणाचं लक्षण मानलं नाही. दानीएलाच्या भाजी-पाण्याच्या दहा दिवसांवरून शाकाहाराचा नियम काढणंही ताणाताणच होईल. तो राजाच्या ताटाला नाही म्हणू शकला, हे महत्त्वाचं. अॅडव्हेंटिस्टांकडून शिकायचं ते वेगळंच आहे. त्यांच्यात एखाद्याला तंबाखू सोडायची तर त्याला एकट्याला झगडावं लागत नाही. शेजारी बसणारा ओढत नाही, जेवणावळीत पुढे येत नाही, मुलगा पाहायला आलेले लोकही चौकशी करतात. चांगली सवय तिथे सोपी असते, कारण सगळ्यांचीच ती असते.

आपल्याकडे उलटं आहे, आणि मिश्री हे त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची. खोकल्याने सगळं घर हैराण होतं. ती हाताने चुरून, चाळून डबीत भरायची. सकाळी उठल्याबरोबर बोटाच्या टोकावर चिमूट घेऊन दातांना आणि हिरड्यांना घासायची आणि तोंडात तशीच राहू द्यायची. मग कामाला हात लागतो. दुपारी जेवणावर एकदा, चार वाजता एकदा, झोपताना एकदा. मिश्री लावणाऱ्या बाईला विचारा, तर ती शपथेवर सांगेल की मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून उपास धरणाऱ्या, पहाटेच्या प्रार्थनेला सर्वांत आधी येणाऱ्या आमच्या कितीतरी आयाबहिणींच्या कमरेला ती डबी असते, आणि तिच्याबद्दल आजवर कोणी एक शब्द काढलेला नाही. ही तंबाखूच आहे. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ जेमतेम 3.8 टक्के निघाले. पण खाण्याची, चघळण्याची, लावण्याची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. आपला शत्रू सिगारेट नव्हे, डबी आणि पुडी आहे. मुंबईत गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी सुमारे शंभर ग्रॅमने हलकी जन्मली. त्या अभ्यासातली तंबाखू मुख्यतः मिश्रीच होती.

शंभर ग्रॅमचं मोल आपल्या भागात काय आहे, हे पुण्याच्याच एका संशोधनाने दाखवलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण चरबी मात्र आपल्या बाळांनी त्या मानाने राखलेली होती. कमी पडलं होतं ते स्नायू आणि पोटातले अवयव. जन्मतः किडकिडीत, तरी आतून चरबी धरलेलं असं हे शरीर, आणि तेच पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतं. याज्ञिकांचं आणि त्यांच्या जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं, ते जगभर गाजलं. दोघांचा बीएमआय अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. म्हणून "मी तर बारीक आहे, मला कसली शुगर?" हे आपल्या लोकांचं समाधान फसवं आहे. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट, हीच आपली धोक्याची ठेवण. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरवर आणि स्त्रीची 80 वर गेली, की तपासणी करायलाच हवी.

त्याच खेड्यांतल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळं, दूध होतं त्यांची बाळं मोठी होती. ज्या गरोदरपणात कष्टाची कामं ओढत होत्या त्यांची लहान. हे वाचल्यावर "ज्याने त्याने आपला देह सांभाळावा" या वाक्यावर थांबता येत नाही. एखाद्याच्या मधुमेहाची सुरुवात त्याच्या आईच्या डोक्यावरच्या हंड्यापाशी झालेली असू शकते. तेव्हा त्याच्या हिशोबाचा काही भाग त्याच्या आजीने, बापाने, शेजाऱ्यांनी, मंडळीनेही द्यायचा असतो. सातव्या महिन्यातली सून लावणीला वाकलेली दिसत असताना तिच्यासाठी नुसती प्रार्थना करणारी मंडळी अपुरी आहे. तिच्या वाटणीची चार दिवसांची लावणी कोणी तरी उचलायला हवी. ख्रिस्ती जबाबदारी म्हणतात ती अशी, घामाची असते. सगळ्यांत शेवटी जेवायला बसून तळाचं कालवण पुसून खाणाऱ्या बाईला देह मंदिर असल्याचं प्रवचन देणं सोपं आहे. तिला पहिल्या पंगतीला बसवणं अवघड, आणि तेच करायचं आहे.

दारूबद्दल थोडक्यात. नाटका-सिनेमांनी ख्रिस्ती माणसाच्या हातात कायमची बाटली दिली. खेड्यातल्या मराठी मंडळीत तसं चित्र कधीच नव्हतं. आपल्यात बऱ्याच ठिकाणी प्रभुभोजनालाही न आंबवलेला द्राक्षरसच असतो. पण नाताळ-नववर्षाच्या दरम्यान तरुण मुलांच्या गाड्यांत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पकडलं गेलं की तीमथ्याच्या पोटासाठी पौलाने सांगितलेला थोडा द्राक्षारस पुढे केला जातो. तो सल्ला वरचेवर आजारी पडणाऱ्या, नुसतं पाणीच पिणाऱ्या एका तरुणाला होता. शास्त्रात मद्यप्राशनाला सरसकट बंदी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तशी ती नाही. पण ज्या गावात बायकांना 'आडवी बाटली'चं मतदान मागावं लागतं, तिथे प्रेमाचा नियम स्वातंत्र्याच्या नियमापेक्षा मोठा मानावा, हे माझं स्पष्ट मत आहे. दुर्बळ भावाला अडखळण होत असेल तर आपण मांसही खाणार नाही, इतकं पौल म्हणून गेला आहे. आपल्याला एक ग्लास खाली ठेवता येऊ नये?

मीठ, साखर, तेल, चालणं, झोप यांचे पाठ पुढे सविस्तर आले आहेत, म्हणून इथे लांबण लावत नाही. एक मात्र सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सुकट, फरसाण, चटणी सगळं धरायचं. घरात चार प्रौढ असतील, तर महिन्याला मिठाचं एक किलोचं पाकीट संपून दुसरं फुटतं का, हे पाहिलं की उत्तर मिळतं. त्यासाठी कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही.

आता आयुष्याच्या लांबीबद्दल, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 57व्या वर्षी गेले. रमाबाई 64 वर्षांच्या होत असतानाच गेल्या, आणि त्याआधी वर्षभराच्या आतच त्यांची मुलगी मनोरमा चाळिशीत गेली. बाबा पदमनजी पंचाहत्तरीपर्यंत लिहीत राहिले. प्रभू स्वतः तिशी ओलांडून फार पुढे गेला नाही. वर्षांच्या संख्येवरून कोणाचा विश्वास मोजायचा? स्तोत्रकर्त्याने सत्तर-ऐंशीचा उल्लेख केला तो दिवस मोजायला शिकवण्यासाठी; तेवढे मिळतीलच असा करार त्यात नाही. चांगल्या सवयी पाळूनही कर्करोग होतो. मिश्री लावणारी आजी नव्वदी गाठते, आणि घराघरात तिचाच दाखला दिला जातो. सवयींनी शक्यता बदलते, हमी मिळत नाही. म्हणून ही पुस्तिका कोणालाही दीर्घायुष्याचं वचन देत नाही. ती सांगते ते याहून साधं आहे: मिळालेल्या वर्षांत उठून कोणाच्या तरी उपयोगी पडता यावं, नातवाला कडेवर घेता यावं, अंथरुणावरच्या शेजाऱ्याला कूस बदलायला मदत करता यावी. टाळता येण्याजोग्या आजाराने आपला भार सुनेवर, लेकीवर पडतो, घरची गाय विकावी लागते, मुलाचं शिक्षण थांबतं. पंचावन्नाव्या वर्षी अंग लुळं पडलेल्या बापाची किंमत कोणी मोजली, हे त्या घरात जाऊन पाहावं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा इथेही लागू होते.

आणि जे आधीच आजारी आहेत, त्यांनी ही पानं अपराधी मनाने वाचू नयेत. त्यांच्याकडे बोट दाखवण्यासाठी यातलं कोणी एकही वाक्य वापरलं, तर ते या लिखाणाच्या हेतूविरुद्ध होईल. ज्याचा पाय मधुमेहाने गेला त्याला उपासनेला आणायला गाडी पाठवा. "खाण्यावर ताबा ठेवायचा होतास" हे त्याला ठाऊक आहे.

ही पुस्तिका एकट्याने वाचून फळीवर ठेवायची नाही. बारा पाठ आहेत. महिन्याला एक याप्रमाणे मंडळीत मोठ्याने वाचावेत, स्त्री-मंडळात आणि तरुण संघात त्यांवर बोलावं, पटलं नाही तर भांडावं. तीस वर्षांवरच्या सर्वांची रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी सरकारच्या आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारलं की दिवस कळतो. पाळकांनी आणि वडीलजनांनी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आरोग्य केंद्रातल्या ताईंना देवळात बोलवावं, एक टेबल आणि रक्तदाबाचं यंत्र मांडावं, आणि रांगेत सर्वांत आधी पाळकांनी स्वतःचा हात पुढे करावा. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा ठेवा.